खापरपणजोबांच्या दगडाची पावणेदोन वर्षं

माझ्या सासूबाई अमेरिकन. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप 'सासूबाई' लिहितो. वय आता सत्याहत्तर, मुक्काम ओहायो, गुडघे दुखतात, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. सर्वपित्री अमावास्या होती. साताऱ्याहून आईचा फोन होऊन गेला होता आणि मी आपली नावापुरती खीर, भोपळ्याची भाजी आणि आमसुलाची चटणी केली होती. (त्या दिवशी इकडे खंडग्रास सूर्यग्रहणही होतं. ग्रहणात स्वयंपाक केल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही.) सासूबाई जेवायला होत्या. त्यांनी विचारलं, हे पान कोणासाठी? मी सांगितलं: वडील, आजोबा, पणजोबा, एवढ्यांची नावं घेतात, त्यापलीकडचे सगळे 'सर्व' या शब्दात येतात. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, आमचा एक त्यापलीकडचाच आहे. यादवी युद्धात मेला. लेफ्टनंट होता. (अमेरिकेची उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं १८६१ ते १८६५ आपसांत लढली, ते हे युद्ध.)

मी बोटांवर मोजलं. सासूबाईंचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याच्यावर एक. म्हटलं, आमच्याकडे त्यांना खापरपणजोबा म्हणतात. त्यांनी दोनतीनदा म्हणून बघितलं आणि 'खापर' म्हणजे काय ते विचारलं. फुटक्या मडक्याचा तुकडा, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग बरोबर. त्याच्या थडग्यावरचा दगडही तसाच उरलाय."

तिथून जे सुरू झालं ते जून २०२५ पर्यंत चाललं. अमेरिकेत असं काही करायची वेळ येणाऱ्या मराठी घरांची संख्या फार नसेल, पण मिश्र लग्नं आता पुष्कळ आहेत आणि सासरच्या माणसांचा इतिहासही शेवटी आपल्याच मुलांच्या वाट्याला येतो. म्हणून सविस्तर लिहून ठेवते. कुटुंबाची आणि गावाची नावं, पलटणीचा नंबर हे सासूबाईंच्या इच्छेवरून गाळलं आहे.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे त्या, नवरा आणि मी, उत्तर-पश्चिम ओहायोतल्या त्यांच्या मूळ गावी गेलो. मक्याच्या शेतांच्या मधोमध लोखंडी फाटक असलेली जुनी दफनभूमी. चर्च केव्हाच पडलेलं. आमच्या लेफ्टनंटच्या जागी वाळूच्या दगडाचा वीतभर खुंट उभा होता. त्यावर शेवाळ, आणि एका बाजूला अक्षर होतं की पावसाने पडलेली खाच, हे सांगता येत नव्हतं. शेजारी जमिनीत रोवलेला काळवंडलेला पितळी तारा, त्यात छोटा झेंडा. हा तारा म्हणजे 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक'ची खूण. १८६६ साली स्थापन झालेली ही उत्तरेच्या माजी सैनिकांची संघटना. मे महिन्याच्या शेवटी सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा हुकूम तिचे प्रमुख जनरल लोगन यांनी १८६८ साली काढला आणि तोच पुढे मेमोरियल डे झाला. म्हणजे इथे कोणीतरी सैनिक आहे एवढं जगाला माहीत होतं, दरवर्षी झेंडाही लागत होता. नाव मात्र नव्हतं.

मला आमच्या गावच्या मारुतीच्या देवळामागचे वीरगळ आठवले. खाली लढाई, मधे वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो, माथ्यावर चंद्र-सूर्य. लहानपणी आम्ही त्यांना टेकून चिंचा खायचो. तो कोण, हे कोणालाच विचारलं नाही.

जुना दगड साफ करायची घाई झाली असेल तर थांबा. तारेचा ब्रश नको, ब्लीच तर अजिबात नको. डी-टू नावाचं एक द्रावण मिळतं, सरकारी दफनभूमींतही तेच वापरतात. दगड पाण्याने भिजवायचा, फवारायचं, मऊ ब्रश फिरवायचा आणि बाकीचं काम पावसावर सोडायचं. आम्ही ते केलं. खुंट गोरा झाला, अक्षर काही उगवलं नाही.

आता कागद. घरात दोनच गोष्टी होत्या. एक घरंदाज दंतकथा: लेफ्टनंट तलवार उपसून कंपनीच्या, म्हणजे पलटणीतल्या आपल्या तुकडीच्या, पुढे धावत होता आणि गोळी छातीत लागली. दुसरी, एक भलंमोठं जुनं बायबल. अशा बायबलांत जुना करार आणि नवा करार यांच्या मधे घराण्याच्या नोंदींची कोरी पानं असतात: लग्नं, जन्म, मृत्यू. आपल्या कुलवृत्तान्ताचा हातखर्चातला अवतारच म्हणा. आमच्या बायबलमधलं नेमकं एक पान गायब. फाटलेलं नव्हतं, शिवणीपासून बोटभर अंतर सोडून कात्रीने कापलेलं. त्याचीही दंतकथा होती: लेफ्टनंटच्या बायकोने पुढे दुसरं लग्न केलं, तेव्हा सासरच्यांनी रागाने तिचं पान कापून टाकलं.

दोन्ही दंतकथा खोट्या निघाल्या.

पहिली पायरी फुकट आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर यादवी युद्धातल्या सैनिकांची आणि खलाशांची यादी आहे. नाव टाकलं की पलटण, भरती होतानाचा हुद्दा आणि शेवटचा हुद्दा येतो. आम्हाला पहिल्यांदा काहीच सापडलं नाही, कारण आडनावाचं स्पेलिंग आज जसं आहे तसं तेव्हा नव्हतं. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर नवऱ्याने आडनाव सोडून दिलं, त्या भागात कोणत्या पलटणी उभ्या राहिल्या ते काढलं आणि त्यांच्या याद्या वर-खाली चाळल्या. सापडला. एक अक्षर जास्त, एक कमी. दुसरी फुकट पायरी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरची पेन्शनची सूचिपत्रं. त्या कार्डावर विधवेच्या अर्जाचा नंबर आणि मंजुरीचा नंबर असे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही उतरून घ्या. आमच्या कार्डावर त्याखाली तिसरी ओळ होती: अज्ञान मुलांसाठी वेगळा अर्ज. ती तेव्हा कळली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराकडे ऑनलाइन मागणी नोंदवली. सेवापुस्तकाच्या प्रतीला ३० डॉलर, पूर्ण पेन्शन फाइलला ८० डॉलर. फाइल शंभर पानांच्या वर गेली तर पुढच्या प्रत्येक पानाला ७० सेंट. स्वस्तात हवं असेल तर स्वतः वॉशिंग्टनला जा. संशोधकाचं ओळखपत्र फुकट मिळतं आणि मोबाइलने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. आम्हाला तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे ते जमलं नाही.

सेवापुस्तक जानेवारी २०२४ मध्ये आलं. पंधरा-सोळा पानं. बहुतेक कार्डं हजेरीची: उपस्थित, उपस्थित, आजारी, उपस्थित. मग एक ओळ. ३१ डिसेंबर १८६२, मर्फ्रीसबरोजवळ जखमी, जांघेत गोळी. पुढच्या कार्डावर, जानेवारी १८६३, नॅशव्हिलच्या इस्पितळात मृत्यू.

ही स्टोन्स रिव्हरची लढाई. टेनेसीत उत्तरेचा रोझक्रान्स आणि दक्षिणेचा ब्रॅग समोरासमोर. दोघांचाही बेत एकच, शत्रूच्या उजव्या बगलेवर तुटून पडायचं. ब्रॅग आधी उठला. ३१ तारखेला पहाटे दक्षिणेची फौज उत्तरेच्या उजव्या टोकावर आली, तेव्हा तिथली जनरल विलिकची ब्रिगेड, म्हणजे काही पलटणींचा गट, चुली पेटवून नाश्त्याच्या तयारीत होती. विलिक स्वतः पकडला गेला. आमची पलटण त्याच ब्रिगेडमधली. तलवार उपसून पुढे धावायला तिथे पुढे असं काही नव्हतंच. होती ती पळापळ. कॅप्टन आजारी म्हणून रजेवर, त्यामुळे कंपनी लेफ्टनंटच्या ताब्यात. रांग लावायचा प्रयत्न करताना गोळी लागली, एवढंच एका सार्जंटच्या जबानीतून कळतं.

सासूबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "म्हणजे बिचारा उपाशीच होता."

त्या सार्जंटची जबानी सेवापुस्तकात का होती, ही गंमत ऐका. कंपनी ज्याच्या ताब्यात, तिचं सरकारी सामान त्याच्या नावावर. बंदुका, तंबू, कुऱ्हाडी, स्वयंपाकाचे हंडे, तवे. अधिकाऱ्याचा हिशेब मिटल्याशिवाय त्याचा थकलेला पगार मोकळा होत नसे, आणि मेल्याने हिशेब मिटत नाही. म्हणून बायकोने पगार मागितला तेव्हा तिला उलट विचारणा झाली की हंड्यांचं काय झालं. सत्तावीस वर्षांची बाई, पदरात दोन मुलं, शेकडो मैलांवरच्या लढाईत पहाटे चुलीवर ठेवलेले हंडे कुठे गेले याचा जबाब देतेय. तिने सार्जंटला गाठलं. तो घरी परतलेला होता, एक हात निकामी झालेला. त्याने शपथेवर लिहून दिलं की हंडे, तवे आणि तंबू त्या सकाळी शत्रूच्या हाती पडले. किती हंडे, किती तवे, हेसुद्धा त्यात आहे. ती यादी मी तीनदा वाचली. आपल्याकडे पेन्शनसाठी हयातीचा दाखला घेऊन बँकेत रांग लावणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ही बाई मला एकदम ओळखीची वाटली.

खरी फाइल, पेन्शनची, मार्चअखेर आली. चार महिन्यांहून जास्त वाट पाहिली. ६४ पानं.

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने विधवांना दरमहा पेन्शन ठरली, ती हुद्द्यावर. साध्या शिपायाची बायको ८ डॉलर, सेकंड लेफ्टनंटची १५, फर्स्ट लेफ्टनंटची १७, कॅप्टनची २०. दुःख सारखं, दर वेगळा. फरक इथेच थांबत नव्हता. लेफ्टनंटच्या भावाने नॅशव्हिलला जाऊन शवपेटी घरी आणली, कारण घरात तेवढे पैसे होते. त्याच सकाळी मेलेले शिपाई आधी रणातच पुरले गेले आणि पुढे स्टोन्स रिव्हरच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवले गेले. तिथे सहा हजारांवर सैनिक आहेत, त्यांतल्या २,५६२ जणांची नावं कोणालाच माहीत नाहीत.

पेन्शन मिळवायची तर तिला चार गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: तो सैन्यात होता, तो त्या जखमेने मेला, ती त्याची लग्नाची बायको होती आणि मुलं त्याचीच. पहिल्या दोन गोष्टी सैन्याने कळवल्या. लग्न लावलेला पाद्री मात्र दुसऱ्या राज्यात निघून गेलेला. मुलांच्या जन्माला सरकारी दाखला नव्हता, सुईणीची जबानी होती. सुईणीने सही म्हणून फुली काढली आहे. तेवढ्यावर भागलं नसावं. कारण फाइलच्या एकतिसाव्या पानावर, काळ्या-पांढऱ्या प्रतीतही एका बाजूची कड सरळ कापलेली स्पष्ट दिसणारं, बायबलचं पान होतं.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही ते टेबलावर ठेवलं आणि शेजारी बायबल उघडलं. कोणीच रागाने काही कापलं नव्हतं. तिनेच कापलं, पाकिटात घातलं आणि वॉशिंग्टनला पाठवलं. मूळ पान हवं होतं, नक्कल चालत नव्हती. ते परत आलंच नाही. दीडशेहून अधिक वर्षं घरात तिची बदनामी चालू होती आणि पान सरकारी फाइलीत सुखरूप होतं.

पानावर तीन हस्ताक्षरं आहेत. लग्नाची ओळ पाद्र्याची असावी. नवरा-बायकोच्या जन्मतारखा आणि मुलीचा (१८५८) व मुलाचा (डिसेंबर १८६०) जन्म लेफ्टनंटच्या हातचे. त्याच हाताची सही हजेरीच्या कागदांवर आहे, म्हणून ओळखता आलं. शेवटची ओळ तिची: त्याच्या मृत्यूची. शाई तिथे जरा जास्त सांडली आहे. त्याने लिहिलेलं दुसरं काहीही आमच्याकडे नाही. एकही पत्र नाही. तो युद्धात का गेला, गुलामीबद्दल त्याचं काय मत होतं, हे कळायला मार्ग नाही, आणि मला सोयीचं मत त्याच्या तोंडी घालायचं नाही. सासूबाईंना एवढंच सांगितलं की त्या युद्धानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, आमच्याकडच्या जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या सातारा जिल्ह्यातलंच. सासूबाईंनी ते नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि बायबलमध्ये ठेवलं.

सूचिपत्रावरची तिसरी ओळही इथे उलगडली. १८६७ मध्ये तिने दुसरं लग्न केलं. त्याबरोबर तिची पेन्शन थांबली आणि मुलांच्या नावावर गेली, वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत. शवपेटी आणणारा भाऊच मुलांचा पालक नेमला गेला. १८६६ च्या कायद्याने दर मुलामागे महिना २ डॉलर वाढले होते, तेही त्यात दिसतात. ही सगळी व्यवस्था किती लांबली, हे पाहायचं असेल तर: यादवी युद्धाची शेवटची पेन्शन २०२० मध्ये बंद झाली. एका सैनिकाची मुलगी, आयरीन ट्रिपलेट, तोपर्यंत महिना ७३ डॉलर १३ सेंट घेत होत्या.

आता दगड. अमेरिकेत माजी सैनिकांच्या निनावी थडग्यांसाठी सरकार दगड फुकट देतं, खासगी दफनभूमीतसुद्धा. अर्जाचा नमुना ४०-१३३०. मूळ कागद जोडू नका, प्रतीच जोडा. आम्ही इथे दोन महिने उगीच घालवले. सासूबाई या लेफ्टनंटच्या वंशज आहेत हे सिद्ध करायला आम्ही पाच पिढ्यांचे जन्मदाखले गोळा करत बसलो. त्याची गरजच नव्हती. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्याआधीच, म्हणजे ६ एप्रिल १९१७ पूर्वीच, ज्याची सैनिकी सेवा संपली, त्याच्यासाठी कोणीही अर्ज करू शकतं. सूचना आधी वाचायच्या, ही गोष्ट मी मुलांना रोज सांगते.

मे २०२४ मध्ये अर्ज पाठवला. जुलैत परत आला. चूक आमचीच, आणि एक नव्हे, दोन. दफनभूमीच्या जबाबदार माणसाची सही जिथे हवी तिथे नवऱ्याने 'चर्च अस्तित्वात नाही' असं लिहून दिलं होतं. आणि थडगं निनावी आहे याचा फोटो नव्हता. नाव वाचता येणारा दगड उभा असेल तर नवा मिळत नाही, त्यामुळे खुंटाचा चारही बाजूंनी, जवळून आणि लांबून फोटो लागतो.

सही कोणाची, हा प्रश्न काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा) माजी सैनिक कार्यालयातल्या एका बाईंनी दोन मिनिटांत सोडवला. ओहायोत बेवारस दफनभूमींची जबाबदारी टाउनशिपकडे. टाउनशिप म्हणजे आपली ग्रामपंचायत धरा. तीन निवडून आलेले ट्रस्टी आणि एक हिशेबनीस. सभा महिन्यातून दोनदा, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये. आम्ही ऑगस्टमधल्या सभेला गेलो. आमच्या आधी विषय होता रस्त्याखालच्या एका मोरीचा, जिच्यातून पाणी जाण्याऐवजी बीव्हर नावाचे पाण्यातले प्राणी ये-जा करत होते. अर्धा तास बीव्हर चालले. मग आम्ही. एका ट्रस्टीने फक्त विचारलं, गवत कापायच्या यंत्राला दगड आडवा येणार नाही ना? नाही म्हटल्यावर सही. याच बाईंनी दुसरीही एक गोष्ट सुचवली: ओहायोत सैनिकांच्या थडग्यांची नोंदणी झालेली आहे आणि ती कार्डंही फॅमिलीसर्चवर आहेत. लेफ्टनंटचं कार्ड मिळालं, त्यावर दफनभूमीचा छोटा नकाशा आणि नेमक्या जागी फुली. खुंट त्याचाच, हे तेव्हा कागदोपत्री पक्कं झालं. मला विचाराल तर सुरुवात अशा कार्यालयापासूनच करा. आम्ही दहा महिन्यांनी केली.

ऑगस्टअखेर पुन्हा अर्ज. जन्मसाल घालायला आधार म्हणून बायबलच्या पानाची प्रत जोडली. त्याच्या हातची ती ओळ नसती तर दगडावर फक्त मृत्यूचं साल आलं असतं. दगडाचा आकार निवडता येतो. आम्ही यादवी युद्धाचा जुना नमुना मागितला, कमानदार माथा आणि खोदलेल्या ढालीच्या आत उठावदार अक्षरं.

वाट पाहण्याच्या काळात, ऑक्टोबरच्या एका लांब शनिवार-रविवारी, मर्फ्रीसबरोला जाऊन आलो. गाडीने सात तास. रणांगणाचा जपलेला भाग पाहायला तिकीट नाही. चुनखडीचे खडक जमिनीतून दातांसारखे वर आलेले आणि त्यांच्या फटींत सीडरची दाट झाडं. या जागी माणसांनी रांगा कशा लावल्या असतील, कळत नाही. तिथल्या पार्काच्या रेंजरने, म्हणजे सरकारी रखवालदाराने, एक गोष्ट सांगितली. ३० तारखेच्या रात्री दोन्ही छावण्यांचे बँड आपापली गाणी एकमेकांना ऐकू जातील अशी वाजवत होते. शेवटी एकाने घराच्या आठवणीचं एक गाणं धरलं, दुसऱ्याने ते उचललं आणि दोन्ही फौजा मिळून गायल्या. सकाळी लढाई. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांहून जास्त ठार, जखमी आणि बेपत्ता. विलिकची ब्रिगेड जिथे चुलीपाशी होती ती जागा मात्र पार्काच्या हद्दीत नाही. तिथे आज रुंद रस्ते आणि दुकानं आहेत. आम्ही अंदाजाने एका वाहनतळावर गाडी लावली. सासूबाई उतरल्या, पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मग समोरच्या दुकानातून सगळ्यांसाठी अंड्याचं सँडविच घेऊन आल्या. सकाळचे साडेआठ वाजले होते. कोणीच काही बोललं नाही, खाल्लं.

दगड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. सुमारे साडेतीन फूट लांब, तेरा इंच रुंद, चार इंच जाड संगमरवर, वजन जवळपास १०५ किलो. घरचा पत्ता देऊ नका. उतरवून घ्यायला माणूस आणि साधन असलेल्या व्यवसायाचा पत्ता द्या. आम्ही थडग्यांचे दगड घडवणाऱ्या जवळच्या एका कारखान्याचा दिला. दगड फुकट, बसवायचा खर्च आपला: ठेवणावळ धरून ३२५ डॉलर. कारागीर म्हणाला, जमीन गोठलीय, आता बसवला तर वसंतात कलंडेल. म्हणून दगड चार महिने त्याच्या शेडमध्ये. सासूबाई जानेवारीत दोनदा त्याला बघून आल्या.

२४ एप्रिल २०२५ ला बसवला. जवळजवळ दीड फूट जमिनीत जातो. काँक्रीट नाही, खाली आणि भोवती खडी ठासायची, म्हणजे पाणी निचरतं आणि उद्या वाकला तर सरळ करता येतो. जुना खुंट टाकून द्यायचा नाही. आम्ही तो नव्या दगडाच्या मागे आडवा, जमिनीलगत पुरला. पितळी तारा होता तिथेच.

२६ मे, मेमोरियल डे. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वंशजांची संघटना आहे, तिचे चारजण निळ्या गणवेशात आले, हुद्दा आणि नाव मोठ्याने वाचलं, बंदुकीच्या तीन फैरी. बीव्हरवाले ट्रस्टीही आले होते. माझ्या मुलीने विचारलं, हे माझे कोण? खापरपणजोबा आजीचे, तिच्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता. 'आजीचे खापरपणजोबा' असंच म्हण, असं सांगितलं.

एक काम राहिलं होतं. जूनमध्ये सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून वॉशिंग्टनला आल्या. वाचनकक्षात पेन नाही, पिशवी नाही, वरचं जाकीट नाही. पेन्सिल तिथेच मिळते. फाइल मागवल्यावर दीड तासाने आली. बायबलचं पान इतकं लहान असेल असं प्रतीवरून वाटलं नव्हतं. कागद पिवळा, तिने सांडलेली शाई तपकिरी. आम्ही शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे रंगीत फोटो काढले.

घरी आल्यावर नवऱ्याने ते मूळ मापाने पाठपोट छापले. सासूबाईंनी कड कात्रीने कापली आणि बायबलमधल्या उरलेल्या बोटभर पट्टीला लावून बघितली. खालच्या बाजूला कात्री एकदा अडखळली होती, तिथे पट्टीवर छोटासा दात आहे. छापलेल्या पानावर तेवढीच खाच. चिकटवू का, असं मी विचारलं. "नको," म्हणाल्या, "परत कोणाला दाखवायला लागलं तर?"